बुंधे आमच्या बाजूला

विचारलंत म्हणून सांगते, एरवी हा विषय मी काढत नाही.

माझा दादा बुलडोझर चालवायचा. वस्तीबाहेर बाभळीचं दाट रान होतं, त्यातून रस्ता जाणार होता. पूर्वी तिथे फौजेची छावणी होती म्हणे. शत्रूचे घोडे अडावेत म्हणून शिपाई बाभळीच्या फांद्या तोडून छावणीभोवती रचायचे, बुंधे आत आणि काटे बाहेर. पुढे तिथेच हे रान माजलं.

त्या दुपारी मी दवाखान्यातली पाळी संपवून दादाचा डबा घेऊन गेले. आदल्या दिवशी पाडलेल्या वाटेच्या तोंडाशी तो नुसताच उभा होता.

"चिमे, मी काल इथे आरपार वाट पाडली होती ना?"

"तूच तर सांगितलंस."

"मग हे काय?"

वाट बंद होती. नुकत्याच तोडलेल्या फांद्या एकीत एक अडकवून पुरुषभर उंच रचल्या होत्या. डिंक अजून ओला होता. हिरवट, उग्र वास येत होता. एक पाखरू बोलत नव्हतं.

"कोणीतरी चेष्टा केली असेल," मी म्हटलं.

"बुंधे बघ."

बुंधे आमच्या बाजूला होते. म्हणजे रचणारा आम्ही उभे होतो तिथेच उभा होता. आम्ही आत होतो. मग बाहेर कोण...?

"आणि तुझं मशीन?"

त्याने काट्यांतून बोट दाखवलं. पिवळा पत्रा पलीकडे चमकत होता. "काल इकडेच लावलं होतं गं. किल्ली माझ्या खिशात आहे."

तेवढ्यात पलीकडे इंजिन घरघरलं आणि बंद पडलं.

"चिमे!" पलीकडून हाक आली. दादाचाच आवाज. "डबा आणलास ना? अगं, वाट अडलीय. तिकडून एक फांदी ओढ, बाकीचं मी बघतो."

मी शेजारी पाहिलं. दादाचे ओठ मिटलेले होते.

"उत्तर देऊ नकोस..." तो पुटपुटला. त्याने कोयता उचलला, जवळची फांदी तोडली आणि उघड्या हातांनी फटीत बसवली. मग दुसरी, मग तिसरी. झरझर, जन्मभर हेच केल्यासारखं. हाताला साधा ओरखडाही उठला नाही.

"दादा, हे तुला कोणी शिकवलं?"

तो हातांकडे बघत राहिला. "काय की..."

पलीकडचा आवाज आता रडकुंडीला आला होता. "चिमे, तुझ्या शेजारी कोण उभं आहे गं?"

कोणाचं ऐकावं ते कळेना. शेवटी शेजारच्याचा हात धरला आणि घरी आले.

रस्ता पुढे वळसा घालून गेला. मशीन तिथेच गंजतंय. दादा जेवतो, हसतो, वहिनीशी भांडतोसुद्धा. फक्त दिवेलागणीला दार लावताना विचारतो, "सगळे आत आले का?"

वहिनी आणि मी त्याच्यासमोरच उभ्या असतो. घरात आम्ही तिघंच. तरी रोज मागच्या खोलीतून कोणीतरी शांतपणे म्हणतं, "आलो."