घामपट्टी

लेकीला, हरिणीला, ऑपरेशन थिएटरमध्ये नेलं आणि अनसूया बाकावर टेकतेय तोवर विमा-खिडकीतून कुलथेसाहेबांनी हाक मारली, तीही चोराला मारावी तशी.

"बाई, तुमची पट्टी बोंबलतेय. हृदय बंद पडायला आलंय म्हणते. आणि तुम्ही तर समोर ठणठणीत उभ्या."

अनसूयानं रिकामं मनगट पदराखाली लपवलं.

सरकारनं आरोग्यविमा गरीब कष्टकरी आईबापांपर्यंत आणला, तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता! पण फुकट्यांचं फावू नये म्हणून प्रत्येकाच्या मनगटावर घामपट्टी चढवली. घाम आणि नाडी मोजून ती माणूस कामावर आहे की नाही ते कळवायची. काम थांबलं की विमा थांबला. आता लेकरू दवाखान्यात असताना आईनं कामावर कसं जायचं, हे त्या दीडशहाण्यांना कोण विचारणार?

सोलापूरच्या यंत्रमागांवर याला जुना उपाय होता, बदलीचा. एकीची अडचण, दुसरी तिचे माग सांभाळणार. आज शेजारची नरसक्का अनसूयाचे माग चालवत होती, अनसूयाचीच पट्टी घालून. मनगट कुणाचं, ते पट्टीला कळत नसे. विमा आईबापांनाच; नरसक्काला मूलबाळ नव्हतं, म्हणून तिला विमाही नव्हता.

"इशारा खोटा आहे म्हणा, मिटलं," कुलथे म्हणाले. "खरा असेल तर पट्टी आहे तिथं रुग्णवाहिका जाईल. पण मग पट्टी दुसऱ्याच्या हातात, म्हणजे फसवणूक. विमा रद्द, ऑपरेशनही रद्द."

"साहेब, आधी गाडी पाठवा. तिकडं माणूस मरतंय."

"गाडी पट्टीसाठी जाते, तीही इशारा खरा म्हटलात तरच. बिनविम्याच्या माणसासाठी नाही."

"तुम्हाला लेकरंबाळं आहेत का हो?"

"नियम मी केलेला नाही, बाई. लवकर बोला."

अनसूयाला त्याचा गळा धरावासा वाटला. थिएटरच्या बंद दाराकडं तिनं एकदा पाहिलं. नरसक्का सकाळी म्हणाली होती, जा तू, पोरीजवळ बस, मी आहे.

"खरा आहे इशारा," ती म्हणाली. "तिथं नरसक्का आहे. तुमचं वाटोळं होवो, पाठवा गाडी."

कुलथेंनी बटण दाबलं. खाली सायरन वाजत गाडी निघाली. इकडं थिएटरचं दार उघडलं आणि आयानं हरिणीचं स्ट्रेचर बाहेर ओढलं. आयानं अनसूयाकडं पाहायचं टाळलं. पोरगी भुलीच्या गुंगीत होती. आईचा हात लागताच तिनं अर्धवट डोळे उघडले.

"आई, झालं का गं?"