कप्तानचा वळसा

"आधी बाहेर या, मग भांडू!"

नावेतला माणूस असं म्हणाला तेव्हा ती कमरेपर्यंत पाण्यात, गुडघ्यापर्यंत चिखलात रुतलेली होती आणि तरीही त्याच्यावर ओरडत होती. दोन्ही हातांत तिने गवताकाड्यांचं एक भिजलेलं घरटं सांभाळून धरलं होतं. भुरभुर पावसाने चष्मा धुरकटला होता, एक बूट चिखलाने केव्हाच गिळला होता... आवाज मात्र खणखणीत होता.

"तुमच्या इंजिनाच्या लाटेने हे घरटं सुटून आलंय! दिसत नाही का तुम्हाला?"

"मला आत्ता फक्त तुम्ही दिसताय," तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन त्याने घाईघाईने वल्हं पुढे केलं. "म्हणजे — बुडताना."

"मी बुडत नाहीये. मी उभी आहे."

"बरं. मग उभ्या उभ्या हे धरा."

तिने आधी घरटं पाणकणसांच्या बुंध्याशी घट्ट खोवलं, आणि मगच वल्हं धरलं. नावेत चढल्यावर आभार मानायच्या ऐवजी ती शिंकली. त्याने आपला कोरडा रुमाल पुढे केला.

निसर्ग राखणाऱ्या एका संस्थेची ती कार्यवाह होती. आसपासच्या टेकड्या, देवराया आणि हा तलाव, एवढा सगळा पसारा संस्थेच्या गळ्यात होता, आणि संस्था तिच्या. अशी संस्था चालवणं म्हणजे दिवसभर रानावनात हिंडणं, असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात तिचा दिवस फोन, फायली आणि रुसलेल्या सभासदांची समजूत काढण्यात जायचा. वयाने मोठी माणसंसुद्धा तिला ताई म्हणत, आणि ताई म्हटलं की माणसाला दमायची सोय राहत नाही.

तो तलावावरची एकुलती एक मोटरची नाव चालवायचा. पलीकडच्या काठावरच्या लोकांना सकाळी आणायचं, संध्याकाळी पोचवायचं. लहानपणी वडिलांची टोपी घालून तो नावेच्या टोकावर ऐटीत उभा राहायचा. तेव्हा चिकटलेलं 'कप्तान' हे नाव पुढे टोपी बसेनाशी झाली तरी सुटलं नाही.

त्या दिवसानंतर तिने पाहणीसाठी त्याचीच नाव धरली. कामच होतं ते. टिबुकली नावाचा तो छोटासा पक्षी पाणकणसांत तरंगतं घरटं बांधतो, आणि नाव नेमकी त्या कणसांमधल्या चिंचोळ्या वाटेने जायची.

"एवढ्या मोठ्या तलावात हिला माझ्याच वाटेवर घर का बांधायचं होतं?" त्याने एकदा विचारलं.

"तिला विचारा. ती म्हणेल, एवढ्या मोठ्या तलावात यांना माझ्याच दारातून का जायचं होतं?"

तो हसला, आणि त्याने इंजिन बंद करून वल्ही हातात घेतली. पुढे रोजच त्या वाटेत तो वल्ही मारू लागला. उतारू कुरकुरले, पण नाव शांत झाल्यावर तेही पाण्याकडे बघायला लागले. टिबुकली घरटं सोडताना अंडी ओल्या गवताने झाकून जाते, हे तिने दाखवलं तेव्हा तो वल्ही थांबवून वाकून बघू लागला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे बाहेर जाताना पांघरूण घालून जाते की!" त्याच्या त्या आवाजाने तिला उगाच भरून आलं... आणि तिने दुर्बीण डोळ्यांना लावली. उलटी.

"हल्ली बूट फार पुसतेस," घरी मावशी म्हणाली. "चिखलातच जायचंय ना?"

"मावशी!"

"मी कुठे काय म्हटलं?"

पण वारा सुटला की भरलेली नाव वल्ह्यांनी हलेना, इंजिन सुरू करावंच लागे. आणि त्या प्रत्येक दिवसानंतर कणसांत एखादं रिकामं घरटं उलटून पडलेलं दिसे. ती ते बघे, मग नाव बघे. काय करायला हवं ते तिला कळत होतं, आणि म्हणूनच रात्री झोप येत नव्हती. शेवटी एका सकाळी धक्क्यावर तिने बोलून टाकलं.

"बैठकीआधी तुम्हाला माझ्याकडूनच कळावं म्हणून सांगते. पिल्लं मोठी होईपर्यंत ती वाट बंद करायचा ठराव मी मांडणार आहे."

"मग मी जायचं कुठून?"

"मधल्या बेटाला वळसा घालून."

"तिकडे वारा समोरून असतो. दुप्पट वेळ लागतो." त्याचा आवाज चढला नव्हता, तेच तिला जास्त लागलं. "माझ्या नावेत दवाखान्याच्या नर्सबाई असतात, मॅडम. शाळेतल्या बाई असतात. त्यांना उशीर झाला तर काय सांगू — टिबुकली बसलीय?"

"हो... तसंच सांगा."

एरवी तो हसला असता. त्याने फक्त दोर सोडला. "तुम्ही तुमचं काम करा."

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी ती धक्क्यावर गेली, तर नाव नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. त्याने आपल्याला टाळायचं ठरवलंय, हे तिने समजून घेतलं. समजूतदारपणाची तर तिला सवयच होती. पण ऑफिसच्या खिडकीतून रिकामा धक्का बघताना तिने स्वतःशी कबूल केलं की हे टिबुकलीचं दुःख नाही. तो माणूस तिला हवा होता. आणि त्याचीच वाट ती अडवायला निघाली होती.

बैठकीच्या दिवशी संस्थेच्या छोट्या खोलीत सगळे सभासद दाटीवाटीने बसले होते. म्हणणं मांडायला बोलावलं म्हणून कप्तानही आला होता, शेवटच्या खुर्चीवर, अंग चोरून. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मतं अगदी काठावर होती, तिचं मत पडलं की ठराव तरणार होता.

निवृत्त मुख्याध्यापक हे संस्थेचे अध्यक्ष. सगळे त्यांना हेडसरच म्हणत. त्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, "आजच्या विषयांत कुणाचा काही खासगी हितसंबंध?"

हा प्रश्न विचारायची पद्धत तिनेच सुरू केली होती. पूर्वी एका सभासदाने आपल्याच मेहुण्याकडून संस्थेसाठी रोपं घेतली होती, आणि ती सगळी वाळलेली निघाली होती. तेव्हापासून प्रश्न दर वेळी विचारला जाई, आणि उत्तरादाखल फक्त चहाचे कप वाजत.

गप्प बसणं सोपं होतं. ती तर त्याच्या विरुद्धच मत देणार होती, मग कोण बोट दाखवणार? पण गेले कित्येक दिवस ती स्वतःलाच विचारत होती... हा ठराव मी पक्ष्यांसाठी मांडतेय, की आपण त्याला झुकतं माप देत नाही हे सिद्ध करायला?

तिने हात वर केला. "माझा आहे. तलावाच्या वाटेबाबत."

हेडसरांनी चष्मा खाली घेतला. "तिकडे जमीन आहे तुमची?"

"नाही."

"कुणी नातेवाईक?"

"नाही. मला..." तिने समोरची फाईल मिटली. "मला कप्तान आवडतात."

कुणाचं तरी बिस्किट चहात पडलं. ते काढायला कुणी हलेना.

"त्यांना हे माहीत नव्हतं," ती भराभर बोलत सुटली. "पण माझा निर्णय योग्य आहे की मी उगाच कडक वागतेय, हे माझं मलाच कळेनासं झालंय. म्हणून मी मत देणार नाही."

हेडसरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "नियमाप्रमाणे तुम्हाला बाहेर थांबावं लागेल." त्यांची नजर शेवटच्या खुर्चीवर गेली. "आणि... तुम्हालाही."

"मी काय केलं?" कप्तान दचकून म्हणाला. खोलीत दबकं हसू फुटलं.

बाहेरच्या अरुंद बाकावर दोघं बसले. मध्ये एक माणूस मावेल एवढी जागा. कौलांवरून पावसाचे थेंब टपटपत होते, बंद दारामागून चढते आवाज येत होते.

"बोला ना काहीतरी," शेवटी न राहवून ती म्हणाली.

"थांबा जरा. मला इंजिनाच्या आवाजात बोलायची सवय आहे... इतक्या शांततेत जमत नाही."

दार उघडलं. हेडसर बाहेर आले. त्यांचा चेहरा ओढलेला होता. "ठराव पडला, ताई. मतं समसमान झाली, आणि माझ्याच मताने पडला. नर्सबाईंची वाट अडवायला माझा हात वर होईना." तिच्या खांद्यावर थोपटून ते आत गेले.

ती ताठ बसून राहिली, आणि मग तिचे डोळे भरून आले. ती गप्प बसली असती तर घरटी वाचली असती. स्वतःचं मन मोकळं केलं, आणि किंमत मोजली पक्ष्यांनी!

"जा आता," ती म्हणाली. "वाट मोकळी आहे तुमची."

"नाही जाणार."

तिने वळून पाहिलं.

"तुम्ही सांगितलंत त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी बेटाला वळसा घालूनच जातोय. जमतंय का ते बघत होतो. उजाडायच्या आत निघावं लागतं, आणि लोकांना उतरवून लगेच दुसऱ्या खेपेला परतावं लागतं. नर्सबाई आधी माझ्याशी बोलेनात, पण परवा आपणहून लवकर येऊन बसल्या."

"म्हणून दिसत नव्हतात? मला वाटलं, रागावलात."

"रागावलोच होतो! रागात नाव जोरात चालते."

"मग आत का नाही सांगितलंत?" ती रडता रडता ओरडलीच. "ठराव झाला असता!"

"सांगणारच होतो. सबंध भाषण पाठ करून आलो होतो. पण माझी पाळी यायच्या आधी तुम्ही हात वर केलात... आणि मग मला त्यातलं एक अक्षर आठवेना." तो बाकावर थोडा सरकला. मधली जागा संपली. "ठराव असता तर तुमच्या नियमासाठी गेलो असतो. आता माझ्या मनाने जाईन. थोडं त्या टिबुकलीसाठी."

"आणि बाकीचं?"

त्याने तिचा हात हातात घेतला. वल्ह्यांनी घट्टे पडलेला त्याचा तळवा खरखरीत होता. "बाकीचं तुमच्यासाठी. मलाही तुम्ही आवडता. सांगायला मला इतका उशीर झाला, आणि तुम्ही मात्र भरल्या खोलीत सांगून मोकळ्या झालात."

आतून हेडसरांची हाक आली. "ताई, पुढचा विषय घ्यायचाय! याल ना?"

"कुठला विषय?" त्याने हळूच विचारलं.

"जीपचे टायर."

"मग जायला हवं तुम्हाला."

"जाते ना," ती म्हणाली. पण हात तिने सोडवून घेतला नाही.