शेहेचाळीस नंबर हजर

"माझी मुलगी कुठंय?"

कारकुनानं मान वर केली. खिडकीच्या गजांपलीकडे एक बाई उभी होती. खांद्याला प्रवासाची पिशवी, पायात नर्सचे पांढरे बूट, श्वास फुललेला. घड्याळात बाराला दहा मिनिटं होती.

"इयत्ता कुठली?"

"तिसरी. तिला न्यायला आले. सरांनी वर्गात हाक मारली, तर ती तिथं नाही. म्हणाले, सकाळी होती."

कारकुनानं तिसरीचं हजेरीपुस्तक ओढलं. एकतीस वर्षं तो या खिडकीमागे बसत होता. खिशावर कायम शाईचा डाग, म्हणून मुलं त्याला शाईकाका म्हणत. तोंडावर मात्र 'काका' एवढंच. माणसं काहीही बोलतात, रजिस्टर खोटं बोलत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. त्यानं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. वर्षाच्या मध्येच दाखल झालेल्या मुलीचं नाव यादीच्या शेपटाला येतं. शेहेचाळीस नंबर. आजच्या रकान्यात 'ह'. कालच्याही. अख्ख्या महिन्यात एक खाडा नाही.

"तुमची मुलगी आज शाळेत हजर आहे," तो म्हणाला.

"मग दाखवा."

पुढचा अर्धा तास शाळा पालथी घातली गेली. वर्ग, व्हरांडे, स्वच्छतागृह, मोडक्या बाकांची खोली. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून शिपायानं आत काठी फिरवली, तेव्हा त्या बाईनं डोळे मिटून घेतले होते. कारकुनाला तिच्याकडे बघवेना.

पहारेकरी छातीठोकपणे सांगत होता, "साडेसातला घंटा झाली, फाटकाला कुलूप लावलं. मग फक्त या ताईंसाठी उघडलं. चिटपाखरू बाहेर गेलेलं नाही." छपराचं काम निघाल्यामुळे गेल्या सोमवारपासून शाळा सकाळची भरत होती, आणि या बदलाचा सगळ्यात जास्त वैताग त्यालाच आला होता.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पोलिसांना फोन केला. फौजदार आले ते थेट वर्गशिक्षकांसमोर जाऊन बसले.

"हजेरी किती वाजता घेतली?"

"पावणेआठला. प्रार्थना झाल्यावर."

"तिला पाहिलंत?"

"हजर म्हणाली की."

"पाहिलंत का, ते विचारतोय."

सर बुटाच्या टोकाकडे बघू लागले. "शेहेचाळीस मुलं आहेत साहेब. नंबर पुकारायचा, मान खाली घालून खूण करायची. आवाज आला की 'ह'."

"केस कसे होते आज तिचे?"

"वेण्या असाव्यात."

"एक की दोन?"

"दोन... बहुतेक."

"तिचे केस मी सुट्टीत कापलेत," आई म्हणाली. "मानेच्याही वर. मुलासारखे."

सरांनी कपाळावरचा घाम टिपला. ते काही वाईट गृहस्थ नव्हते. कविता फार छान शिकवत. पण सहा महिने समोर बसलेल्या पोरीचं डोकं त्यांना आठवत नव्हतं, आणि हे त्यांनाही आत्ताच कळत होतं.

मोठ्या बाईंनी वर्गाला विचारलं, "शेहेचाळीस नंबर बाहेर जाताना कुणी पाहिली?"

"नाही बाई!" वर्ग एका सुरात ओरडला. मुलं विचारलं तेवढंच उत्तर देतात.

एवढ्यात शाळेचा निरोप मिळून मुलीचा मामा धापा टाकत आला. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं त्याचं. हाताला अजून वंगण होतं. मुलीची आई परगावी एका आजारी म्हातारीपाशी दिवसरात्रीच्या नोकरीवर होती आणि मुलगी मामा-मामीकडे राहत होती.

"ताई! तू? न कळवता?"

"बबडी कुठंय?"

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. मोठ्या बाईंना त्याची दया आली. "अहो, धीर धरा. सकाळी होती ती. हजेरीत आहे."

मामानं त्यांच्याकडे पाहिलं. दोन क्षण नुसतं पाहिलं. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परतला.

"असणारच," तो म्हणाला. "मीच सोडलं ना. रोजच्यासारखं फाटकापाशी उतरवलं आणि तसाच दुकानात गेलो. साडेदहाला शटर उघडतो मी, इथून पाच मिनिटांवर. आळीत कुणालाही विचारा."

फौजदारांनी लिहून घेतलं आणि शिपाई चहूकडे पिटाळले. बसथांबा, बाग, नदीचा काठ. नदीचं नाव निघताच आई उभी होती तिथं खाली बसली.

कारकुनानं तिला कार्यालयात आणलं, पाणी दिलं. ती भिंतीकडे बघत बोलत राहिली. "दर रविवारी फोन करते मी. गेले चार रविवार ती भेटलीच नाही. खेळायला गेलीय, झोपलीय, अंघोळीला गेलीय. परवा भांडले भावाशी. तो म्हणाला, तुझा उगाच संशय. मला राहवेना. पहाटेची पहिली बस पकडली."

"येईल ती," कारकून म्हणाला. दुसरं काय म्हणणार? याच बाकावर सहा महिन्यांपूर्वी ही बाई मुलीला घेऊन बसली होती. जन्मदाखला, जुन्या शाळेचा दाखला, दोन फोटो, सगळं कसं चोख. त्यानं नेहमीचे नियम खड्या आवाजात वाचून दाखवले होते. सलग पंधरा दिवस न कळवता गैरहजर राहिल्यास नाव कमी होईल, जागा प्रतीक्षायादीतल्या मुलाला मिळेल. प्रत्येक पालकाला तो हे ऐकवी. पालकाचं बोट धरून उभं असलेलं मूलही ते ऐकत असतं, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं.

हाताला चाळा म्हणून त्यानं खण उघडला. वेळ बदलल्याच्या सूचनेच्या पोचपावत्या आत होत्या. मुलांनी घरी न्यायच्या, पालकाची सही घेऊन आणायच्या. तिसरीच्या गठ्ठ्यावर त्यानं स्वतःच पेन्सिलीनं लिहिलं होतं: पंचेचाळीस आल्या, एक बाकी.

त्यानं गठ्ठा सोडला. एकेक नंबर खाली ठेवत गेला. शेवटचा नंबर आलाच नाही.

मनात पाल चुकचुकली. तो उठला आणि तिसरीच्या वर्गाकडे निघाला.

शाळा सुटली होती. भेदरलेल्या पालकांनी आपापली मुलं ओढत नेली होती. शेवटच्या बाकावर एकच मुलगी बसून होती, एकतीस नंबर. तिचे बाबा गिरणीची पाळी संपवून दोनला येत. तिला आई नव्हती, एवढं कारकुनाला रजिस्टरवरून माहीत होतं.

तो तिच्या शेजारी बसला. गुडघे बाकाखाली मावेनात.

"इथं शेहेचाळीस नंबर बसते ना?"

तिनं मान हलवली.

"शेवटची कधी बसली होती?"

ती बाकावर बोटानं रेघोट्या मारू लागली.

"बाळ, तिची आई खाली रडतेय. पोलीस नदीवर गेलेत. तू तुझ्या नंबराला हजर म्हणतेस आणि पंधरा नंबरांनी परत एकदा म्हणतेस. हो की नाही?"

तिचं बोट बाकावर थांबलं. "बारीक आवाजात म्हणते. तिच्यासारखं."

"किती दिवस?"

"तेवीस." तिला मोजावं लागलं नाही.

"का गं?"

"तुम्हीच म्हणाला होता. माझ्या बाबांना. पंधरा दिवस नाही आलं की नाव कापतात, जागा दुसऱ्याला देतात. मग ती परत आल्यावर कुठं बसेल?" ती एकदम रडू लागली. "माझ्याशी दुसरं कुणी बोलत नाही."

एकतीस वर्षं तो कार्यालयात एकटा डबा खात होता, घरी जाऊन एकटा जेवत होता. कधी वाईट वाटलं नव्हतं. आज त्या रिकाम्या अर्ध्या बाकावर बसून वाटलं.

"कुठं जाते म्हणाली होती?"

"मामीच्या बहिणीकडे. तिला बाळ झालंय. चार दिवसांत येते म्हणाली." तिनं डोळे पुसले. "आता नाव कापणार?"

"नाही कापणार. माझा शब्द."

कार्यालयात फौजदार, मोठ्या बाई, सर, आई आणि मामा असे सगळे होते. कारकुनानं टेबलावर हजेरीपुस्तक ठेवलं, शेजारी पोचपावत्या.

"साहेब, नदीवरची माणसं परत बोलवा. मुलगी आज शाळेतून गेलेली नाही. ती शाळेत आलीच नव्हती. गेले तेवीस दिवस आलेली नाही."

"मग हे 'ह'?" फौजदारांनी पुस्तकावर बोट आपटलं.

"तिच्या बाकावरची मैत्रीण तिच्या नंबराला हजर म्हणत होती. नाव कापलं जाऊ नये म्हणून. सर मान खाली घालून हजेरी घेतात. शेवटचा नंबर येईपर्यंत पुढच्या मुलांची दप्तरं उघडलेली, गलका चाललेला. मागं कोण बोललं, कोण बघतो?"

"आणि वह्या?"

"गठ्ठ्यात आल्या तेवढ्या तपासतो," सर पुटपुटले.

"मला पण कळलं नाही. ही पावती आठ दिवस माझ्याकडे बाकी होती. मी 'एक बाकी' लिहिलं आणि खण लावून टाकला. ती एक कोण, हे बघायला उठलो नाही."

"पण मामांनी तिला सकाळी सोडलं," मोठ्या बाई म्हणाल्या.

कारकून मामाकडे वळला. "किती वाजता सोडलंत?"

"सांगितलं ना. दुकान उघडायच्या आधी."

"म्हणजे साडेदहाच्या पाच मिनिटं आधी?"

"हो. अकराची शाळा. थोडी लवकर सोडतो."

पहारेकऱ्यानं दारातूनच सांगितलं, "अहो, गेल्या सोमवारपासून साडेसातची आहे शाळा."

मामानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"ज्या घरातलं मूल रोज शाळेत येतं, त्या घराला हे माहीत असतं," कारकून म्हणाला. "तुम्हाला माहीत नव्हतं, कारण सूचना घरी न्यायला मूलच नव्हतं. ताई अचानक उभ्या दिसल्या तेव्हा तुमची बोबडी वळली. तेवढ्यात मोठ्या बाई म्हणाल्या, हजेरीत आहे. तुम्हालाही नवल वाटलं, पण तुम्ही ते पकडून ठेवलंत. मुलगी तुमच्या मेव्हणीकडे आहे. तिचं बाळ सांभाळायला पाठवलीत."

"चार दिवसांसाठीच पाठवली होती," मामा खाली बघत म्हणाला. "मग ते लोक सोडेनात. ताईला सांगितलं असतं तर तिनं आकाशपाताळ एक केलं असतं. शाळाच हजर म्हणतेय म्हटल्यावर... वाटलं, संध्याकाळपर्यंत घेऊन येईन."

"पाण्याच्या टाकीत काठी घातली त्यांनी," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "मी तिथं उभी होते."

मामानं तिच्या पायाला हात लावायला वाकून पाहिलं. ती मागं सरकली.

फौजदारांची गाडी मामाला बरोबर घेऊन गेली आणि दिवेलागणीला मुलीला घेऊन आली. मुलगी धडधाकट होती. फक्त हाताची कातडी दुपटी धुऊन धुऊन पांढरी पडली होती. आईनं ते हात पदरात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी शाळेत आल्या. आईला शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. म्हातारीच्या घरच्यांनी मुलीला ठेवून घ्यायला होकार दिला होता. गाडी दहाला होती. कारकुनाचं पेन थांबलं. दिलेल्या शब्दाला पुरता एक दिवसही झाला नव्हता.

"दाखल्याला वेळ लागेल," त्यानं खोटंच सांगितलं. "तोवर तिला वर्गात बसू द्या."

त्या दिवशी सरांनी हजेरी उभं राहून घेतली. प्रत्येक नंबराला मान वर करून चेहरा पाहिला. शेवटच्या नंबराला आवाज आला, तो नेहमीइतका बारीक नव्हता. मागच्या बाकावर दोघी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

साडेनऊला आईनं हाक मारली. मुलगी गेली. कारकुनानं लाल शाईनं नावावर रेघ मारली, कारणाच्या रकान्यात 'आईकडे' असं लिहिलं आणि मधल्या सुट्टीत तिसरीच्या वर्गात गेला. एकतीस नंबर बाकाच्या एका टोकाला बसली होती.

"मी शब्द दिला होता," तो म्हणाला. "पाळता आला नाही."

"ती आईकडे गेली. मग ठीक आहे." तिनं डबा उघडला, पण हात लावला नाही. "काका, मी आले नाही तर कुणाला कळेल?"

सरांना, असं तो म्हणणार होता. रजिस्टरला, असंही तोंडावर आलं होतं.

"मला," तो म्हणाला.

"तुम्हाला कसं? तुम्ही तर कार्यालयातच असता."

"उद्यापासून पावणेआठला इथं दारात येऊन बघून जाईन. रोज."

त्याच्या खिशावरच्या डागाकडे, त्याच्या पिकलेल्या केसांकडे तिनं नीट बघून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "आणि तुम्ही आला नाहीत, तर मला कळेल."