खिंड बंद, पिशव्या आठ

आठ पिशव्या मत्स्यबीज पिंपळधरीच्या तलावात सोडायचं होतं. निघताना काम एवढंच होतं.

तलाव यंदा पहिल्यांदाच बायकांच्या गटाकडे आला होता. गावसभेने अट घातली होती: पोळ्याच्या आत तलावात बीज पडलं नाही, तर तो पुन्हा बाबारावांच्या जुन्या सोसायटीकडे जाईल. पोळा उद्यावर आला होता आणि बीजकेंद्रातला हंगामाचा हा शेवटचा माल होता. गटाच्या अध्यक्ष द्वारकाबाई, मत्स्यपालनाचं प्रशिक्षण घेतलेली त्यांची सून शुभांगी, गटातल्या सर्वांत वयस्कर राहीबाई आणि पिकअप चालवणारा राहीबाईंचा पुतण्या प्रवीण, असे चौघे पहाटे केंद्रातून निघाले. प्रत्येक पिशवीत थोडं पाणी, वर कोंडलेला ऑक्सिजन आणि नखाएवढी हजारभर पिलं. संध्याकाळपर्यंत ती तगणार होती.

मोहखिंडीच्या अलीकडेच ट्रकांची रांग लागलेली दिसली.

डोंगराच्या त्या रांगेत चाकं जातील अशी फट एकच. हमरस्ता आणि रेल्वे तिच्यातून एकमेकांना खेटून जातात. कापसाच्या गाठी, गॅसच्या टाक्या, औषधं, भाजीपाला, सगळं तिथूनच ये-जा करतं. रात्रीच्या पावसात कडा रस्त्यावर कोसळला होता आणि खालच्या ओढ्याने रेल्वेचा भराव नेला होता. पॅसेंजर गाडी मागच्या स्टेशनावर अडकली होती. ड्रायव्हर ट्रकखाली चटया टाकून झोपले होते. म्हणजे लवकर काही होणार नव्हतं.

"भैया, कब खुलेगा?" प्रवीणने एकाला उठवलं.

"जेसीबी आएगी तब." त्याने डोळे न उघडताच मागे बोट केलं. "और जेसीबी इसी लाइन में खड़ी है."

द्वारकाबाईंनी पिशव्यांकडे पाहिलं, मग डोंगराकडे. "खांद्यावर घ्या."

भाजीच्या ट्रकवरचे बांबू मागून घेतले. चार कावडी झाल्या, प्रत्येकीला दोन पिशव्या.

आधी रेल्वेची वाट धरली. ती सपाट होती आणि जवळचीही. पण खिंडीच्या मध्यावर रुळांखाली जमीनच उरली नव्हती. रूळ आणि स्लीपर शिडीसारखे हवेत लोंबत होते. खाली गढूळ ओढा फेसाळत होता. वीस-पंचवीस पावलांचं अंतर, त्यापलीकडे मोकळी वाट.

"जातो मी," प्रवीण म्हणाला. कावड खाली ठेवून त्याने पहिल्या स्लीपरवर पाय दिला. मग दुसऱ्यावर. रूळ हलले. लोखंड करकरलं.

"मांगं ये!" द्वारकाबाई ओरडल्या. "पऱ्या, मांगं ये!"

तो वळला. उडी मारली! पायाखालचा स्लीपर सुटला आणि ओढ्यात गेला. प्रवीण खडीवर उपडा पडला होता, दोन्ही मुठींत गवत धरून.

मग उठून बसला आणि हातातलं गवत झटकलं.

"मावशी, रस्ता चांगला व्हता," तो म्हणाला. "थोडा कमी पडला."

आता उरला होता खिंडीच्या डाव्या अंगाचा डोंगर. वाट अशी नव्हतीच. बांबूच्या बेटांतून गुरांनी पाडलेल्या चिरा होत्या आणि त्यांतून अजून पाणी वाहत होतं. ओल्या दगडावर पाय ठरेना. कावड फिरवायला जागा मिळेना. चार पावलं चढायची, पिशव्या सांभाळत टेकायचं, पुन्हा चार पावलं. खाली खिंडीत ट्रकांचे हॉर्न अधूनमधून वाजत. मग तेही ऐकू येईनासे झाले. खांदे सोलवटले होते. तहान लागली होती, पण बाटली काढायचा कंटाळा येत होता.

माथ्याच्या जरा खाली राहीबाई घसरल्या. कावड फिरली, आणि एक पिशवी तोडलेल्या बांबूच्या टोकावर आपटली. फट्! पाणी उतारावरून निसटलं. चिखलात पिलं तडफडू लागली. राहीबाई गुडघ्यांवर बसून ती पदरात गोळा करू लागल्या. शुभांगीने त्यांचे हात धरले.

"सोडा राहीकाकू. नाई वाचत ते."

मग ती तशीच थांबली. फुटलेल्या पिशवीला तिने नाक लावलं. उरलेल्या पिशव्या उजेडाकडे धरून पाहिल्या. पाणी गढूळलं होतं, वर फेस आला होता आणि पिलं पृष्ठभागाशी तोंडं उघडत होती.

"हे असं काऊन झालं? केंद्रवाले दोन दिवस उपाशी ठेवतात याहिले, पानी घान होऊ नये म्हनून. कोनी चारलं काय?"

राहीबाईंचा पदर अजून ओला होता. "म्या चारलं. पहाटं, पिशव्या भरायच्या आंधी. मूठभर पेंड. परगावाला निघालेलं लेकरू कोनी उपाशी पोटी धाडते काय, माय?"

प्रवीणने कपाळावर हात मारला. "काकू, आपली लेकरं बसमधी वकतात. हे पान्यात हागतात!"

राहीबाई रडवेल्या झाल्या. द्वारकाबाईंना रागवायलाही बळ नव्हतं.

"झालं ते झालं. शुभांगी, किती येळ हाये?"

"तलावापर्यंत नाई पोचत, आई."

पलीकडच्या उतारावर कोलामगुडा या वस्तीचा कुंटा होता, बैल पाणी पितात तेवढं तळं. तिथे पोचेपर्यंत पिलं आडवी होऊ लागली होती. शुभांगी भराभर सांगत होती: पिशवी उघडली की ऑक्सिजन गेला. त्यापुढे पिलं न्यायची तर थोडीच, ताज्या पाण्यात, आणि हवा मिसळावी म्हणून ते पाणी हाताने सतत घुसळत.

द्वारकाबाई काठावर बसल्या. "समदे इथं सोडले तं तलाव गेला. समदे नेले तं समदेच मेले." त्यांनी तोंडावरून हात फिरवला. "पाच इथं सोडा."

शेळ्या चारणारा एक म्हातारा जवळ आला. "हे कोनाचे?"

"आतापासून तुमचे," द्वारकाबाई म्हणाल्या.

पाच पिशव्या आधी कुंट्यात तरंगत ठेवल्या, मग त्यांची तोंडं उघडली. उरलेल्या दोन पिशव्यांतली पिलं वाटून चार पिशव्यांत घेतली, निम्मं ताजं पाणी भरून. दोघांनी कावडी उचलल्या. दोघी बाजूने चालत हातांनी पाणी घुसळू लागल्या. हात भरून आला की अदलाबदल. उतार संपला, कापसाची शेतं लागली, बांध आले. राहीबाई आपली पाळी झाली तरी पिशवीतला हात काढत नव्हत्या. द्वारकाबाईंनी तो ओढून बाहेर काढला. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती.

तलावावर पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. बाबाराव चार माणसं घेऊन बांधावर उभे होते.

"आठ पिशव्या आनतो म्हनलं व्हतं ना बाई?"

द्वारकाबाई लुगड्यासकट कमरेइतक्या पाण्यात उतरल्या. पिशव्या पाण्यावर टेकवल्या आणि धरून राहिल्या. काही पिलं पोट वर करून तरंगत होती. बाकीची हलत होती, पण मंद.

"टाका ना बाई आता," बाबारावांना राहवेना. "मरून राह्यले ते!"

"दोन्ही पानी सारखं गार होऊ द्या, नाईतं झटका बसून मरतात," शुभांगी म्हणाली. तिच्या हातातून एक पिशवी सुटू पाहत होती.

द्वारकाबाईंनी वर पाहिलं. "पाहून काय राह्यले बाबारावजी? धरा ना."

बाबारावांनी मागच्या माणसांकडे पाहिलं. मग धोतर खोचलं, पाण्यात आले आणि पिशवी दोन्ही हातांनी धरली. तिच्यात त्यांनी बराच वेळ निरखून पाहिलं.

"जिते हायेत," ते बांधावरच्या माणसांना म्हणाले. "बीज पडलं म्हना."

शुभांगीने मान हलवली. चारही पिशव्यांची तोंडं तिरकी झाली. पिलं क्षणभर कडेशीच घोटाळली. मग एक गेलं, मागोमाग दहा, आणि मग सगळी खाली उतरली. पाण्यावर काही दिसेनासं झालं. द्वारकाबाई तरीही तिथेच उभ्या राहिल्या.