नव्या तांदळाचं बोलावणं

"पलंग न्यायला तू येऊ नको, पोरी. दुसऱ्या कुनाला बी धाड. तू येशील ती जेवायला ये... नवा तांदूळ निघाला की."

लंकाबाई हे बोलल्या तेव्हा बाहेर धुकं इतकं दाट होतं की अंगणापलीकडचा हिरडाही दिसत नव्हता. सकाळी तुळशीला पाणी घालताना, संध्याकाळी दिव्यापुढे हात जोडताना तो आवाज मला अजून ऐकू येतो. दम लागलेला, हळू... आणि तरीही हुकूम सोडल्यासारखा.

घोडेगावात आमच्या संस्थेची एक खोली आहे. तिथे लोखंडी पलंग, चाकाच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या, कुबड्या ठेवलेल्या असतात. ज्याच्या घरी माणूस अंथरुणाला खिळलं त्यानं न्यायचं, गरज संपली की परत द्यायचं. पलंग पोचवायचा, घरच्यांना आणि शेजारपाजाऱ्यांना पेशंटची उस्तवारी शिकवायची, दर सोमवारी डोंगराकडच्या वाड्यांवर फेरी मारायची – हे माझं काम. गरज संपली म्हणजे काय झालं, हे आम्ही कधी बोलून दाखवत नाही.

भाद्रपदातला सोमवार होता. संस्थेची जीप चालवणाऱ्या रामदासभाऊंनी गाडी ओढ्याच्या अलीकडेच थांबवली. साकवाच्या फळ्या वाहून गेल्या होत्या. पाऊस नव्हता म्हणावा तर होता. नुसतं पांढरं धुकं, आणि त्यातून सुयांसारखं टोचणारं पाणी. पलीकडे दगडावर कुणीतरी बसून पायाचा चिखल धूत होतं.

"अहो भाऊ," मी हाक मारली, "उंबरवाडीला जायला दुसरी वाट आहे का?"

"वाट हाय," पलीकडून उत्तर आलं, "पन जीपला न्हाई. कुनाकडं जायचंय?"

"लंकाबाईंकडं. हिरड्याच्या झाडावरून पडल्या, त्या."

तो उठला. धुक्यातून आधी खांदे दिसले, मग चेहरा. चार रात्री झोप नसावी असे डोळे, आणि त्या डोळ्यांत एवढुसं हसू.

"मंग माज्याकडंच आलाय की तुमी. मी गोकुळ. त्यांचा ल्योक."

ओढ्यात उतरून तो अलीकडे आला आणि पलंगाची चौकट त्यानं सरळ खांद्यावर घेतली. मी पायाकडचा नळ्यांचा भाग उचलला.

"तुमी बी उचलनार? भिजाल, मॅडम."

"मॅडम नका म्हणू. सगळे ताई म्हणतात."

तो भर पाण्यात थांबला. खांद्यावर लोखंड, कमरेला ओढा...

"ताई? न्हाई बा. त्ये येकदा तोंडातून गेलं की परत घेता येत न्हाई."

रामदासभाऊ उगीचच खोकले. मी खाली बघून चालू लागले. पाणी गार होतं. माझे कानच तेवढे तापले होते.

लंकाबाई भिंतीकडेला गोधडीवर पडल्या होत्या. कंबरेखालचं सगळं गेलेलं. पाठ लाल पडू लागली होती; जखमा आता सुरू होणार होत्या. कामाची पहिली रीत म्हणून मी पलंगाला हात लावायच्या आधी त्यांच्या कपाळाला हात लावला. मग पलंग जोडला, त्यावर हवेची गादी टाकली, शेजारच्या सारजाबाईंना नि गोकुळला जवळ बोलावलं. पेशंटच्या खाली चादर घालून दोन्ही बाजूंनी दोघांनी धरायची, एका दमात कूस बदलायची. एका बाजूला मी, समोर तो. मध्ये ताणलेली चादर. त्याच्या हाताची ओढ चादरीतून माझ्या बोटांपर्यंत आली.

हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर केली तशा सारजाबाई ओरडल्या, "आगं बया! लंके, राजावानी बसलीस की गं!"

दारात जमलेली वाडी हसली. लंकाबाईही हसल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "ह्याच्यावर माज्या आदी कोन व्हतं?"

गोकुळनं माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनीच म्हणाला – नका सांगू. पण खोटं न बोलण्याचा माझा नेम आहे.

"लोणीचे एक बाबा होते. गेले ते... पण त्यांच्या पाठीवर शेवटपर्यंत एक जखम नव्हती."

"मंग बरंय," लंकाबाई म्हणाल्या. "माज्या बी नसू दे."

पुढच्या सोमवारी गेले तर हवेच्या गादीवर जाड गोधडी अंथरलेली! मी हताश झाले. खाली गोधडी घातली की त्या गादीचा उपयोगच संपला.

"तिच्या आईच्या लुगड्याची हाय," गोकुळ ओशाळून म्हणाला. "ती म्हनती, तिच्याबिगर अंग टाकलं तर परक्याच्या घरी निजल्यावानी वाटतं."

मी गोधडी काढली, झटकली आणि लंकाबाईंच्या अंगावर घातली. "मावशी, आईला खाली कशाला निजवायचं? वरून पांघरूण घालू दे की तिला."

त्या बघतच राहिल्या. गोकुळ तोंड फिरवून चुलीपाशी गेला. बराच वेळ नुसतीच फुंकणी फुंकत बसला. आत विस्तव चांगला पेटलेला होता.

तो चाकणला एका कंपनीत कामाला होता. आई पडली आणि तो सगळं सोडून आला. ठेकेदारानं सांगितलं होतं, सुगीनंतर आलास तर जागा आहे, मग नाही. दर सोमवारी तो मला ओढ्यापर्यंत सोडायला यायचा. साकवाच्या नव्या फळ्या त्यानंच वाडीतल्या लोकांना घेऊन ठोकल्या होत्या.

"पेशंटसाठी?" मी विचारलं.

"पेशंट तर पलंगावर हाय. ती कुटं साकवावरनं जातीय?"

"मग?"

"कुनाकुनाचे पाय भिजतात... दर सोमवारी."

असं बोलायचा, आणि माझ्याकडे न बघता शिट्टी घालत परत फिरायचा. मी जीपमध्ये बसून जप सुरू करायचे, तर माळेतला मणी पुढे सरकायचा नाही.

त्या घरी मी काही खाल्लं मात्र कधी नाही. सोमवारचा माझा उपास; सूर्य मावळल्यावर घरी दिवा लावायचा आणि मगच अन्न घ्यायचं. आई गेली तेव्हापासूनचा नेम. सारजाबाई भाकरी पुढे करायच्या, मी हात जोडायचे. एकदा चादर बदलताना लंकाबाईंनी विचारलंच –

"आमच्या हातचं चालत न्हाई व्हय गं तुमच्यात?"

हातातली चादर तशीच राहिली. "तसं नाही हो मावशी! सोमवार असतो. देवाची शपथ."

"देवाचा सोमवार खरा," त्या म्हणाल्या, "पन पोरी, सोमवार आठवड्यातनं येकदाच येतो."

त्याच दिवशी त्यांनी ते बोलावणं दिलं. पलंग न्यायला येऊ नको, जेवायला ये. मी त्यांच्या हातावर हात ठेवून हो म्हटलं. त्यांनी हात सोडला नाही. दाराबाहेर खाचरात भात पोटरीवर आलं होतं, लोंब्या अजून बाहेर पडायच्या होत्या. ते कापायला आपण नसणार, हे त्यांना ठाऊक होतं.

ओढ्यापाशी गोकुळ म्हणाला, "आई काय बोलली, आयकलं मी."

"हं."

"नुसतं जेवायला न्हाई बोलवलं तिनं."

"... कळलं मला."

"मी आईसाठी थांबलोय हितं. ती गेल्यावर कशासाठी थांबू, त्ये तुमी सांगा. तुमी न्हाई म्हनला तरी राग न्हाई. लोखंड उचलायची सवय हाय मला."

हसला, आणि फळीवरचा पाला पायानं ओढ्यात लोटला. जीपचा हॉर्न वाजला. मी फळीवरून पलीकडे गेले, आणि धुक्यात वळून पाहिलं तर तो दिसत नव्हता. शिट्टीही ऐकू आली नाही.

घरी अवसरीला गेल्यावर मी अण्णांना सांगितलं. माझे वडील भिमाजीअण्णा. गावात मान आहे, बागायत आहे. ओसरीवर बसून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"वैजू, डोंगरातल्या मानसांची सेवा कर. मी कधी आडवा आलो का?" ते म्हणाले. "पन सेवा येगळी अन् सोयरीक येगळी."

"अण्णा, ती माणसं..."

"मानसं चांगली असतील. मी कुटं न्हाई म्हनतो? पन मला गावात फिरायचंय."

एवढंच. आवाजसुद्धा चढला नाही. मी उठून देवघरात गेले. वात पेटवताना मनात आलं, उपास देवासाठीच होता. पण इतके दिवस तो मला त्या घराच्या उंबऱ्यावर उभं ठेवत होता, हेही खरं.

दिवाळीच्या आधी, ऐन भातकापणीत, लंकाबाई गेल्या. पाठ अगदी स्वच्छ होती, सारजाबाईंनी फोनवर मुद्दाम सांगितलं. रडत रडत सांगितलं, जशी काही ती त्यांचीच कमाई होती. आणि होतीच. गोकुळ शेतात असायचा तेव्हा वाडीतल्या बायांनी पाळी लावून कूस बदलली होती.

पलंग आणायला मी गेले नाही. शब्द दिला होता. रामदासभाऊ जायला निघाले, तेवढ्यात पिकअप येऊन संस्थेच्या दारात थांबली. गोकुळ. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली. पलंग त्यानं ओढ्यावर घासून आणला होता. नळ्या चकचकत होत्या.

"गादीबी पुसलीय," तो म्हणाला. "ह्यो आता कुनाकडं जानार?"

"ओढ्यापलीकडच्याच वाडीत. गेणभाऊ म्हणून आहेत, लकवा झालाय. घरी फक्त म्हातारी बायको."

"मंग खाली कशाला उतरवता? मी नेतो. चादर कशी धरायची, दावतो तिला." दोर आवळता आवळता तो थांबला. "न्यायला आलाच न्हाईत तुमी."

"मावशींना सांगितलं होतं."

"म्हंजी ध्यानात हाय."

"आहे."

तो दोराकडेच बघत राहिला. "मळणी झाली. ठेकेदाराचा फोन आल्ता... शुक्रवारी ये म्हनला."

मी दोराचं सुटलेलं टोक त्याच्या हातात दिलं. तो थांबला नाही. गाडी वळली; पलंगाचे चार पाय आभाळाकडे करून निघून गेली. आकाश दिवसभर तसंच काळवंडून होतं, पाऊस मात्र पडत नव्हता.

आज गुरुवार. सकाळी तुळशीला पाणी घातलं, पोथीचा अध्याय वाचला. संस्थेची पिशवी खुंटीलाच राहू दिली. कपाटातून आईची निळी साडी काढली.

अण्णा ओसरीवर चहा घेत होते. "आज फेरी न्हाई ना तुझी?"

"नाही. जेवायला जातेय. उंबरवाडीला."

"कुनाकडं?"

"लंकाबाईंकडं."

कप बशीत टेकला. "ती बाई तर गेली ना गं?"

"हो. पण बोलावून गेल्यात."

अण्णा रस्त्याकडे बघत बसले. बाहेरून दुधाची गाडी गेली. शेजारच्या गोठ्यात वासरू हंबरलं. मी चपला घातल्या, पुन्हा काढल्या, जवळ जाऊन त्यांच्या पाया पडले. त्यांनी हात वर उचलला नाही. पाय मात्र मागे घेतले नाहीत.

"यायला उशीर होईल अण्णा. संध्याकाळी दिवा..."

आई गेल्यापासून त्या दिव्याला माझ्याशिवाय कुणाचा हात लागला नव्हता.

मी पायऱ्या उतरले. फाटकाची कडी काढली. घोडेगावची एसटी गाठायची होती, तिथून पुढे डोंगराकडची.

"वैजू..."

मी थांबले. मागे वळायची हिंमत झाली नाही.

"वाती कुटं ठिवतीस?"

"देवघरात..." माझा आवाज मलाच ऐकू येईना. "खालच्या फळीवर, पितळी डब्यात."

"बरं."

मी पदर खांद्यावर सारखा केला, फाटक लोटून घेतलं आणि चालू लागले. पोटात भूक होती. ती तशीच राखून न्यायची होती.