काचपट्टीने धरलेला पहिला पाहुणा

"लेप फसला, ताई. नाईतर कोणी मुद्दाम फसवला!" दार उघडताच प्रभाकरराव म्हणाले.

सिंदीतला कापसाचा व्यापार मुलांवर सोपवून त्यांनी बोरगाव मेघेत ही छोटी प्रयोगशाळा काढली होती. इथे सिकलसेल हा रक्ताचा आजार ओळखणारी चिप घडत होती. चिपच्या काचपट्टीवरचा लेप प्रथिनाला धरतो, प्रथिन रक्तातली खूण धरते आणि ठिपका उजळतो. आज सकाळी पट्ट्यांवर प्रथिन बसवलं, पण एकही ठिपका उजळला नव्हता. दुपारी डॉक्टर मंडळी चाचणी पाहायला येणार होती.

"आधी कालच्या खंडेनवमीचं पंचामृत घ्या," ते म्हणाले.

गुप्तहेर मोहिनीने हात पुढे केला. तिचा मावसभाऊ गजेंद्र दुसऱ्यांदा मागून मोकळा झाला.

लेप देणारी प्रेरणा डोळे पुसत होती. "काल सकाळी पाण्याचा थेंब टाकून पाह्यला, ताई. पसरला नाई, गोल उभा राह्यला. लेप बसला होता. आज चिप उजळली नाई, तर काकाजी उद्यापासून येऊ नको म्हणतात," ती प्रभाकररावांकडे पाहत म्हणाली.

"त्याच लेपाच्या पट्ट्या आणखी कुठे आहेत?"

"नमुन्याच्या आहेत. बंद डबीत, माझ्या टेबलात."

"त्यांच्यावर आत्ताच प्रथिन बसव."

यंत्र चालवणारा अश्विन आधीच तापला होता. "मी नोकरीले पुण्याले चाललो म्हणून चोर मीच काय? मी तर काल पूजेआधीच घरी गेलतो. किल्ली काकाजीजवळ!"

"खरं हाये," प्रभाकरराव म्हणाले. "पूजा झाली अन् मीच पट्ट्यांचा ट्रे ठेवून कपाट लावलं. मंग सकाळपर्यंत कोणाचा हात लागला नाई."

गजेंद्र पट्ट्यांच्या रिकाम्या ट्रेवर वाकला. "ताई, इथं मुंग्या काऊन फिरून राह्यल्या? काच गोड लागते काय?"

"आज तू माझ्या पुढे आहेस, गजा."

तासाभराने डबीतल्या पट्टीवर ठिपके लखलखले. मोहिनीने सगळ्यांना बसवलं.

"लेप एकच. डबीतला चालला, ट्रेतला नाही. म्हणजे घोटाळा ट्रेत झाला, अन् कपाट लागण्याआधी. अश्विन तेव्हा नव्हता. मुंग्या गोडाला येतात. काकाजी, काल तुम्ही पूजा कशाची केली?"

"आयुधांची! या पट्ट्याच तर आमची आयुधं. फुलानं पंचामृत शिंपडलं, मंग ओल्या फडक्यानं पुसून चकचकीत..." ते थांबले.

"कीर्तनात सतरंजी भरली, की मागून येणारा कितीही मोठा असो, दारातच उभा राहतो. पंचामृतातलं दूध आधी आलं अन् सगळ्या जागा धरून बसलं. तुमचं प्रथिन दारात राहिलं."

प्रभाकररावांनी कपाळाला हात लावला. "देवाच्या नावानं मीच घात केला!"

"भाव खरा होता, काकाजी. जागा तेवढी चुकली. पण लेप कच्चा असता, तर दूध फडक्यासरशी निघालं असतं. ते पुसूनही सुटलं नाही. डॉक्टरांना डबीतल्या पट्ट्या दाखवा."

प्रेरणाने मान वर केली. बाहेर गाडी थांबली. प्रभाकरराव लगबगीने दारात गेले, मागे वळले आणि तिला पुढे घेऊन आले.

"या डॉक्टरसाहेब. हे आमची प्रेरणा. हिच्या हातचा लेप दुधालेही सोडत नाई!"