उठा म्हणेपर्यंत

वेई रुओलानला सेटवर चहा घोटभर पुरायचा, शिव्या मात्र तोंडभर लागायच्या, असं तिच्या हाताखाली राबलेली माणसं कौतुकानं सांगत. एकाहत्तराव्या वर्षीही त्यात फरक पडला नव्हता. चीनमधल्या शिआन शहरातल्या एका स्टुडिओत ती रोज सकाळी साडेआठला गरम पाण्याचा थर्मास आणि मांस भरलेली रोटी घेऊन यायची, संगणकावर जुनी फिल्म साफ करणाऱ्या बाओ नावाच्या मुलीला अर्धी रोटी द्यायची आणि मग दिवसभर तिच्या मानगुटीवर बसायची.

काम आनंदाचं होतं. चाळीस वर्षं शीतगोदामात पडलेला तिचा पहिला चित्रपट, ‘चौदावं घर’, स्वच्छ होऊन पडद्यावर यायचा होता. धरणासाठी उठवलेल्या एका डोंगराळ गावाची ती गोष्ट. त्यातली हाओ आजी मातीच्या कड्यात कोरलेल्या आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसते आणि उठत नाही, एवढा एकच शॉट चित्रपटांना परवाना देणाऱ्या तेव्हाच्या समितीला खुपला होता. पुढं रुओलाननं अकरा चित्रपट केले, बक्षिसं मिळवली, विद्यार्थी घडवले. ते विद्यार्थी नव्या पोरांना सांगत की बाईंनी चित्रपट बासनात जाऊ दिला, पण कात्री लावू दिली नाही.

हे खोटं होतं. कात्री तिनंच लावली होती. एका दुपारी तिनं ती चाळीस सेकंदं स्वतःच्या हातानं कापून टोपलीत टाकली होती. चित्रपट तरीही बासनात गेलाच. लोक कौतुक करू लागले तेव्हा ती गप्प राहिली. हे ठाऊक असलेला एकच माणूस आता जिवंत होता, तिचा कॅमेरामन लाओ छिन.

गुरुवारी पाचवं रीळ लागलं आणि हाओ आजी पडद्यावर आली.

काळी जाड बंडी, गुडघ्यांवर हात, नजर थेट समोर. चाळीस सेकंदं. रुओलानच्या हातातली रोटी हातातच राहिली.

“हे कुठून घातलंस?” तिनं विचारलं.

“मी कशाला घालीन, बाई? निगेटिव्हमध्येच आहे,” बाओ म्हणाली. “मध्ये जोडसुद्धा नाही. सलग आहे.”

रुओलाननं लाओ छिनला बोलावून घेतलं. दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झालेला तो म्हातारा पडद्याला नाक लावून बसला. “उजेड माझाच आहे,” तो म्हणाला. “पण हा तू टाकला होतास. मी टोपलीत पाहिला होता.”

परवाना देणाऱ्या समितीचा प्रमुख झोंग हा रुओलानचाच विद्यार्थी. त्यानं शुक्रवारी फोन केला. बोलायला साखरेसारखा गोड माणूस. “बाई, सगळं उत्तम आहे. तेवढी ती म्हातारी काढा. बुधवारी सकाळी दहाला समिती बघेल, दुपारी शिक्का. तुमचं नाव पडद्यावर आलेलं बघायला आम्ही सगळे तरसलोय.”

तोही तरसला होता आणि तीही. खोटं कशाला बोला. तो पहिला चित्रपट लोकांनी पाहावा म्हणून तिनं उरलेले अकरा केले होते. तिनं बाओला शॉट काढायला सांगितलं. बाओनं काढला.

सोमवारी तो परत जागेवर होता. आता तो बावन्न सेकंदांचा होता.

बाओनं पुन्हा काढला. संध्याकाळी मोजला तेव्हा तो तीन मिनिटांचा झाला होता. आजी तशीच बसून होती. तिच्या पायाशी सावली लांबत चालली होती. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात, उतारावर, धूळ उडाली. एक मालवाहू ट्रक गाव सोडून निघाला होता.

ट्रकच्या मागच्या फळीवर एक बाई बसली होती, डोक्याला फडकं बांधलेली. तिच्या शेजारी टोपी घातलेला माणूस.

“ही तू,” लाओ छिन म्हणाला.

“दिसतंय मला.”

“आणि हा मी.” त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. “रुओलान, कॅमेरा माझ्या मांडीवर आहे.”

बाओनं चित्र थांबवलं. संगणकाच्या पंख्याचा आवाज येत राहिला.

रुओलानला तो दिवस घडी घातलेल्या कपड्यासारखा जसाच्या तसा आठवत होता. तेव्हा फिल्म मोजून मिळायची, तीन फूट खर्चून एक फूट वापरायचं असा हिशेब. गावकऱ्यांना ‘कट’ ऐकलं की लगेच हलायची खोड, त्यात शॉटचं शेपूट वाया जायचं. म्हणून ती सगळ्यांना बजावून ठेवायची की मी स्वतः जवळ येऊन ‘उठा’ म्हणेपर्यंत कुणी हलायचं नाही.

“उठ म्हणशील तवाच उठायचं ना?” हाओ आजीनं खात्री करून घेतली होती.

“हो, आजी.”

“मग येळ असंल तर तूबी बस की हितं. दोघींची जागा हाय.” आजीनं शेजारचा उंबरा थोपटला होता.

“मला काम आहे, आजी.”

चाळीस सेकंदांनी फिल्म संपली. खाली नदीला पाणी चढत होतं, ट्रकवाला भोंगा वाजवत होता. सगळ्यांनी सामान उचलून पळ काढला. ‘उठा’ म्हणायचं राहून गेलं.

महिनाभरानं गावच्या चिटणीसाचं पत्र आलं होतं. ‘गाव हलवायला सुरुवात झाली आहे. हाओ आजी उठत नाही. तुम्ही सांगितल्याशिवाय उठणार नाही म्हणते. कृपया येऊन सांगावे.’ रुओलान त्याच आठवड्यात समितीपुढं उभी होती. पत्राला उत्तर द्यायचं तिनं पुढं ढकललं. मग धरण भरलं.

“आता म्हण,” लाओ छिन हळूच म्हणाला. “पडद्यासमोर उभी राहा आणि उठा म्हण. ती सांगितलेलं ऐकणारी बाई आहे. ती उठली की शॉट जाईल, शिक्का मिळेल.”

रुओलाननं आजीच्या गुडघ्यांवरच्या हातांकडं पाहिलं. तिला लाज वाटत होती, आणि लाजेच्या खाली जुना, ओळखीचा राग होता. फार वर्षांनी तो भेटला म्हणून तिला बरं वाटलं.

“एकदा मी तिला कात्रीनं उठवलं,” ती म्हणाली. “पुन्हा नाही उठवणार. बसू दे तिला.”

बुधवारी दहाला छोट्या सभागृहात समितीची पाच माणसं बसली. रुओलान दुसऱ्या रांगेत, थर्मास मांडीवर. लाओ छिन तिच्या मागं.

झोंगनं पुढं होऊन नमस्कार केला. “बाई, काढली ना?”

“नाही. आणि ऐक, झोंग. त्या वेळी मी ती काढली होती. ह्या हातानं. तुम्ही पोरं माझ्याबद्दल जे सांगत फिरता ते खोटं आहे, आणि मी ते तुम्हाला सांगू दिलं.”

झोंगचं हसू तसंच राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं. “मग तर आता अडचण नसावी,” तो म्हणाला.

“आताच आहे. लाव चित्रपट.”

पाचवं रीळ आलं. आजी बसली. चाळीस सेकंदं झाली, तीन मिनिटं झाली. ट्रक गेला. ऊन उतरलं. उंबऱ्यासमोरच्या पायवाटेवर पाणी आलं, तपकिरी, संथ. आजीच्या जोड्यांपर्यंत आलं.

“थांबवा,” झोंग म्हणाला.

प्रोजेक्टरवाल्यानं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग खिडकीतून हताश हात दाखवला.

पाणी गुडघ्यांवर आलं. आजीनं हात उचलून पोटाशी घेतले.

“बाई,” झोंगचा आवाज बारीक झाला. लाओ छिननं त्याला सगळं सांगितलं असावं. “बाई, उठा म्हणा तिला.”

रुओलाननं थर्मासचं झाकण उघडलं.

झोंग स्वतःच उभा राहिला. “आजी, उठा.”

पडद्यावर आजीनं मान वर केली. सभागृहाकडं पाहिलं, एकेका खुर्चीवरून नजर फिरवली. झोंगवर ती थांबलीसुद्धा नाही. दुसऱ्या रांगेवर येऊन थांबली.

रुओलाननं ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली. नाही.

आजी हसली. बोळकं तोंड, एकच दात. ती थोडी सरकली. शेजारचा उंबरा बाहीनं पुसला. दोनदा थोपटला.

“आले, आजी,” रुओलान म्हणाली. “आता काम नाही.”

कुणीतरी दिवे लावले. समितीची माणसं एकमेकांकडं न बघता दाराकडं निघाली.

लाओ छिन आपल्या जागेवरच होता. त्याच्या पुढच्या खुर्चीची बैठक आपोआप मिटून वर गेली होती. खाली थर्मास उभा होता, झाकण उघडं, पाण्यातून वाफ येत होती.

प्रोजेक्टर चालूच होता. पडद्याकडं बघायचं त्याला धाडस झालं नाही. पण आयुष्य चौकटी लावण्यात गेलेला माणूस तो. मागच्या भिंतीवर परतून पडणाऱ्या उजेडावरूनच त्याला कळलं की उंबऱ्यावर आता दोघीजणी आहेत.